आजी गावाला गेली

मालिका लिहिणाऱ्यांचा आठवडा गुरुवारी सुरू होतो आणि गुरुवारीच संपतो. त्या दिवशी टीआरपी येतो. आकडा बरा असला की ग्रुपवर अंगठे, फुलं, नाचणारी माणसं. उतरला असला की ग्रुप गप्प होतो आणि मग एकेकाचे वेगळे फोन सुरू होतात. या धंद्यात बरीच वर्षं काढल्यावर एक गोष्ट पाठ झाली आहे. आकडा चढला तर प्रोमो चांगला होता, नायिका सुंदर दिसली, ट्रॅक जमला. आकडा पडला तर लिखाणात दम नव्हता.

मी संवाद लिहिते. बाहेरच्या माणसाला वाटतं की मालिका एकच कुणीतरी लिहितो. प्रत्यक्षात कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, आणि या तिघांच्या डोक्यावर वाहिनीचे क्रिएटिव्ह. कथालेखक महिन्याभराचा ट्रॅक ठरवतो. पटकथाकार त्याचे सीन पाडतो. मग ती कागदावरची मुकी माणसं माझ्याकडे येतात, त्यांना बोलतं करायचं. अर्ध्या तासाच्या एपिसोडला जाहिराती वगळून बावीसेक मिनिटं, आठवड्याचे सहा दिवस. एपिसोडची बँक असेल, म्हणजे आठ-दहा भाग पुढचे तयार असतील, तर लेखक माणसासारखा जेवतो. बँक संपली की इकडे मालाड पूर्वेला माझ्या टेबलावर सीन लिहून होत असतो आणि तिकडे मढच्या बंगल्यात कलाकार मेकअप करून तो यायची वाट पाहत असतात. ‘सीन आला का?’ हा प्रश्न मी झोपेतसुद्धा ऐकते.

पैसे एपिसोडमागे मिळतात, तेही भाग दाखवला गेल्यानंतर. नव्वद दिवसांचा रिवाज आहे. त्यामुळे मालिका सुरू होते तेव्हा रात्रंदिवस काम आणि खात्यात शून्य, आणि बंद पडते तेव्हा काम शून्य पण तीन महिने पैसे येत राहतात. आम्ही त्याला मेलेल्या मालिकेचं पेन्शन म्हणतो. ते थांबायच्या आत दुसरी मालिका मिळवायची, एवढं साधं गणित आहे. साधं म्हणजे सोपं नव्हे.

अशा धंद्यात कृतज्ञ राहा, आशावादी राहा असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यातले बहुतेक पैसे देणाऱ्यांच्या बाजूच्या खुर्चीत बसलेले असतात, हेही माझ्या लक्षात आलं आहे. ‘मॅडम, आज किती लेखक घरी बसलेत, तुम्हाला काम आहे, आभार माना,’ हे वाक्य मानधनाचा विषय निघाला की हमखास येतं. म्हणून कृतज्ञता या विषयाकडे मी बरीच वर्षं संशयानेच पाहत आले. तो संशय पुरता गेलेला नाही, जाऊही नये. पण आभार कुणाचे मानायचे, हे मला २०२० साली जरा नीट कळलं.

त्या वर्षी करोनामुळे १९ मार्चपासून सगळीकडची चित्रीकरणं थांबली. वाहिन्यांवर जुने भाग लागले. काही निर्मात्यांनी कलाकारांना घरच्या घरी मोबाईलवर सीन चित्रित करायला लावले. त्या दिवसांत मी असे सीन लिहिले की त्यांत दोन माणसं एकमेकांसमोर येतच नाहीत, सगळं भांडण, सगळं प्रेम फोनवरच. जूनच्या अखेरीस चित्रीकरण पुन्हा सुरू झालं ते सरकारी नियमांच्या भल्यामोठ्या यादीसकट. युनिट लहान, गर्दीचे सीन नाहीत, लग्नं नाहीत, मिठी नाही. आणि एक अट अशी की पासष्ट वर्षांवरच्या कुणालाही सेटवर यायची परवानगी नाही.

मराठी मालिकेतून आजी काढून घेतल्यावर काय उरतं, याचा विचार नियम करणाऱ्यांनी केला नसावा. आमच्या मालिकेतली आजी हा घराचा कणा होता. देव्हारा तिचा, किल्ल्या तिच्या, शेवटचा शब्द तिचा. भूमिका करणाऱ्या बाई सत्तरीच्या, रंगभूमीवरून आलेल्या. सेटवर सगळे त्यांना माई म्हणत. मिटिंग व्हिडिओ कॉलवर झाली. तिथे एकाने सहज सुचवलं की आजींना ऑफ करून टाकू, तसंही सध्या प्रेक्षकांना पटेल. बोलणारा मुलगा वाईट नव्हता. त्याला पुढच्या महिन्याचे भाग भरायचे होते.

त्याच संध्याकाळी माईंचा फोन आला. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. म्हणाल्या, “पोरी, मला मारू नकोस गं. गावाला पाठव. गावाहून माणूस परत येतो.”

मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर पुढचा तास नुसती बसून राहिले. माझ्या हातात तसं काहीच नव्हतं. संवादलेखकाला पात्र मारायचा अधिकार नसतो आणि वाचवायचाही नसतो. पण मी पटकथाकाराला फोन केला. त्याने कथालेखकाला केला. तिघांनी मिळून एक वनलाइन पाठवली की आजी कोकणात आपल्या भावाकडे अडकल्या आहेत, एसटी बंद, आणि आठवड्यातून दोनदा त्यांचा व्हिडिओ कॉल येतो. सून कॅमेरा धरते, आजी तिकडून घर चालवते. माईंच्या नातवाने तो कॉल घरी मोबाईलवर चित्रित करून पाठवायचा. वाहिनीला ते आवडलं, कारण त्यात खर्च नव्हता. आजी गावाला गेल्या आणि जिवंत राहिल्या. ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने पासष्टीची ती अट रद्द केली. त्यानंतरही काही दिवसांनी, सगळी काळजी घेऊन, माई सेटवर आल्या, तेव्हा दारात भाकरतुकडा ओवाळायचा सीन मी लिहिलेला नव्हता. तो सेटवरच्या पोरांनी घडवून आणला आणि दिग्दर्शकाने तसाच ठेवला. ओवाळणारा आमचा स्पॉटदादा होता. त्याचा हात फ्रेममध्ये दिसतो.

माई माझे आभार मानतात, अजून. मला मात्र उलट वाटतं. त्या चार महिन्यांत घरात बसून मी जे काही लिहीत होते त्याला अर्थ आहे की नाही, हे मला कळेनासं झालं होतं. बाहेर माणसं रुग्णालयात खाट शोधत होती आणि मी फोनवरची भांडणं लिहीत होते. माईंच्या त्या एका वाक्याने मला माझ्या कामाची किंमत सांगितली. आमच्या लिखाणावर एका बाईचा घरखर्च, तिची औषधं, तिचं रोज सकाळी उठून साडी नेसणं अवलंबून होतं. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंदी आली आणि युनिटं गोवा, सिल्वासा, हैदराबाद अशी पांगली. तेव्हा अख्खं कुटुंब सहलीला पाठवायची वनलाइन आमच्याकडे तयारच होती. गोव्यानेही मे महिन्यात दार लावलं, ती वेगळी गंमत.

हे झालं आभारांचं; आशेचं म्हणाल तर, मालाडमध्ये राहून सिनेमा-मालिकांचं लिहिणाऱ्याला बॉम्बे टॉकीज हा जुना स्टुडिओ टाळून चालत नाही. पश्चिमेला, एस. व्ही. रोडच्या बाजूला ते कंपाउंड आहे. आज तिथे लहान कारखाने, गाळे, गोदामं, आणि मध्येच जुन्या बांधकामाचे अवशेष. रिक्षावाल्याला नाव सांगितलं तर तो बरोबर नेतो, पण तिथे काय होतं हे विचारलं तर लोखंडी ग्रिलचं काम चालतं म्हणतो. हिमांशू रॉय आणि देविकाराणी यांनी १९३४ मध्ये हा स्टुडिओ उभारला. जर्मन दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन, जर्मन कॅमेरामन, पगारी नट, पगारी लेखक. ‘अछूत कन्या’ १९३६ मध्ये इथे झाला, त्याची कथा निरंजन पाल यांची. आपल्या लीला चिटणीसांचे ‘कंगन’, ‘बंधन’, ‘झूला’ इथलेच. १९४३ च्या ‘किस्मत’ने कलकत्त्याच्या रॉक्सीमध्ये तीन वर्षांहून जास्त मुक्काम ठोकला. ‘किस्मत’ म्हटलं की अशोककुमार आठवतात. लेखक कोण, हे मी लेखकांच्याच एका बैठकीत विचारलं तर दोघांनी फोन काढून शोधायला सुरुवात केली.

लोक बॉम्बे टॉकीजच्या वैभवाबद्दल लिहितात. मला तिथला शेवटचा काळ जास्त जवळचा वाटतो. दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि जर्मन माणसं नजरकैदेत गेली. हिमांशू रॉय १९४० मध्ये गेले. मग फाटाफूट झाली, शशधर मुखर्जी आणि अशोककुमार यांच्या गटाने गोरेगावला फिल्मिस्तान काढलं. फाळणीच्या सुमारास अशोककुमार मालाडला परतले होते, मंटो तिथे लेखक होता, आणि स्टुडिओतल्या मुसलमान माणसांवरून धमकीची पत्रं येत होती. मंटोनेच ते लिहून ठेवलं आहे. जानेवारी १९४८ मध्ये तो लाहोरला गेला. इस्मत चुगताईंच्या कथेवरचा ‘जिद्दी’ त्याच वर्षीचा, कमाल अमरोहींचा ‘महल’ पुढच्या वर्षीचा. म्हणजे घर फिरत होतं, वासे फिरत होते, तरी लिहिणारे लिहीतच होते.

बिमल रॉय १९५२ चा ‘माँ’ करायला कलकत्त्याहून इथेच आले. त्यांच्याबरोबर लेखक नवेंदू घोष आणि संकलक हृषीकेश मुखर्जी. कंपनी तोवर डबघाईला आली होती. त्याच वर्षी मुंबईत पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला, या मंडळींनी ‘बायसिकल थीव्हज’ पाहिला, आणि पुढच्याच वर्षी ‘दो बिघा जमीन’ आला. आपण या शहरात का आलो असं वाटायला लावणारे ते दिवस असणार. त्या दिवसांत ‘दो बिघा जमीन’मधल्या शंभू महातोची रिक्षा त्यांच्या डोक्यात पळत होती.

आणि मग ‘बादबान’. हा चित्रपट फारसा कुणी पाहिलेला नाही. १९५४ चा, दिग्दर्शक फणी मजुमदार. निर्माता म्हणून नाव आहे बॉम्बे टॉकीजच्या कामगारांच्या सहकारी सोसायटीचं. मालक हरले तेव्हा स्टुडिओतल्या कामगारांनी स्वतःच संस्था काढून चित्रपट केला. त्यात मीनाकुमारी, देव आनंद, अशोककुमार, आपल्या उषा किरण. कलाकारांनी पैसे न घेता काम केलं असं सांगितलं जातं. मी जेव्हा हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्या सोसायटीची पहिली मिटिंग डोळ्यांसमोर आली. लाइटवाले, सुतार, रंगारी, मेकअपवाले, कुणीतरी हिशेबाची वही उघडून बसलेला, आणि कुणीतरी म्हणत असणार की गोष्ट कुठली घ्यायची?

स्टुडिओ काही वाचला नाही. चित्रपटाने कर्ज फिटलं नाही. पण मला कुणी आशेबद्दल विचारलं तर मी ‘बादबान’चं नाव सांगते. पगार थकलेला, मालक गेलेला, आणि हातात असलेल्या हत्यारांनी माणसांनी अजून एक चित्रपट पुरा केला. सगळं ठीक होईल असा भरवसा त्यांना असेल असं मला वाटत नाही. त्यांना लाइट लावता येत होते, म्हणून त्यांनी लाइट लावले.

माझी आशा याच जातीची आहे. एक दिवस मोठा ब्रेक मिळेल, हे वाटणं माझ्या तिशीतच ओसरलं, आणि खरं सांगायचं तर त्यानंतर झोप बरी लागायला लागली. मालिका बंद होते तेव्हा मी नवी संकल्पना लिहायला घेते. आधी चार पानांची नोट, मग पात्रं, मग पहिल्या भागाचा आराखडा. ती लेखक संघटनेकडे नोंदवते आणि मग निर्मात्यांच्या कचेऱ्या फिरते. बहुतेक ठिकाणी चहा चांगला असतो आणि ‘कळवतो’ म्हणतात. कळवत नाहीत. पण ती चार पानं लिहिताना जी माणसं तयार होतात ती वाया जात नाहीत. एका नाकारलेल्या संकल्पनेतला चिडका पोस्टमन मी पुढे दुसऱ्या मालिकेत काका म्हणून वापरला आणि तो दोन वर्षं चालला.

आणि माणसं हवीत तर मालाड आहेच. या उपनगराबद्दल प्रेमाने कुणी लिहीत नाही. गिरगावला तो मान, पार्ल्याला तो मान, दादरला तर विचारूच नका. आमच्याकडे स्टेशनाबाहेर एम. एम. मिठाईवाल्यासमोरची गर्दी आणि तिच्यातून वाट काढणाऱ्या रिक्षा. पण कान उघडे असतील तर इथे काय ऐकायला मिळत नाही? कुरारमध्ये कोकणी, घाटी, वऱ्हाडी, भोजपुरी एका नळावर. ऑर्लेम, खारोडीला ईस्ट इंडियन लोकांची मराठी, तिचा हेल वेगळाच. मालवणीत शिरलात तर हिंदीच अशी की तिच्यात प्रत्येक वाक्याला मराठीचं शेपूट. २७१ नंबरच्या बसने मढपर्यंत गेलात तर कोळणींचं बोलणं. मेट्रो झाल्यापासून लोक जरा गप्प बसून प्रवास करतात, हे माझ्या धंद्याच्या दृष्टीने नुकसानच आहे.

मालाडच्या बाजारात मी ज्या मावशींकडून मासे घेते, त्या एकदा एका गिऱ्हाइकाला म्हणाल्या, “भाव विचारायला पैसे लागत नाहीत बाय, पण तोंड तरी गोड करून विचार.” मी तेच वाक्य, बाजार काढून, एका खाष्ट सासूच्या तोंडी घातलं. त्याची रील झाली, पोरीबाळी त्यावर ओठ हलवू लागल्या. मावशींना ती रील त्यांच्या नातीने दाखवली. दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, “तो डायलॉग माझा हाय.” मी म्हटलं, “हो, तुमचाच.” त्या दिवशी पापलेटचा भाव काही कमी झाला नाही. मीही घासाघीस केली नाही. श्रेय आणि मानधन दोन्ही जागच्या जागी मागणारी ही एकच व्यक्ती मला या सगळ्या वर्षांत भेटली आहे.

तिच्यासारखं आम्हाला जमत नाही. आमच्यासाठी कायदा आहे, तरी जमत नाही. २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा दुरुस्त झाला. जावेद अख्तर यांनी त्यासाठी संसदेत आणि बाहेर पुष्कळ किल्ला लढवला. चित्रपटगृह सोडून इतर माध्यमांतून कृती पुन्हा पुन्हा वापरली जाते, तेव्हा लेखकाला रॉयल्टीचा वाटा मिळाला पाहिजे, आणि हा हक्क तो करारात सोडूनही देऊ शकत नाही. आपले वारस किंवा कॉपीराइट सोसायटी, एवढ्यांनाच तो देता येतो. कायद्यात हे स्पष्ट आहे. करारात मात्र अजूनही ‘जगभर, कायमस्वरूपी, आज ज्ञात असलेल्या आणि पुढे निघणाऱ्या सर्व माध्यमांत’ अशी वाक्यं येतात. ती वाचून मला माझ्याच लिखाणाचा हेवा वाटतो. त्याला पुढे निघणारी माध्यमंसुद्धा हवी आहेत! मला पुढच्या महिन्याचं वीजबिल हवं असतं.

२०२३ मध्ये अमेरिकेतल्या लेखकांचा संप चालू होता. मे ते सप्टेंबर, एकशे अठ्ठेचाळीस दिवस. आमच्या ग्रुपवर त्याची रोज चर्चा व्हायची. कुणीतरी म्हणालं, आपल्याकडे असं झालं तर तिसऱ्या दिवशी सेटवरचा असिस्टंटच संवाद लिहील. हसू आलं, आणि ते खोटंही नव्हतं. मीही एकेकाळी तशीच आत शिरले होते. लेखक आजारी पडला होता आणि मी कंटिन्युइटीची वही सांभाळत होते.

म्हणून आता आभार आणि हिशेब मी वेगवेगळे ठेवते. माईंचे आभार, मावशींचे आभार. पहाटे तीनला आलेला सीन एकही चूक न काढता वाचून ‘ताई, शेवटचं वाक्य भारी’ असं लिहिणाऱ्या असिस्टंटचे आभार. विदर्भातल्या एका गावातून माझा पत्ता मिळवून पोस्टकार्ड लिहिणाऱ्या बाईंचे तर विशेष. मालिकेतल्या नणंदेला जरा समज द्या, असं त्यांनी मला निक्षून कळवलं होतं. या कुणाचीही मी मिंधी नाही आणि त्यांनीही कधी तशी अपेक्षा केली नाही. निर्मात्याशी माझं नातं व्यवहाराचं. त्याने वेळेवर पैसे दिले तर त्याने व्यवहार पाळला. मी वेळेवर सीन दिला तर मी पाळला. यात उपकार कुणाचाच नाही. हे नीट समजल्यापासून मी मिटिंगमध्ये जास्त शांत बोलते, आणि गंमत म्हणजे मानधनही थोडं वाढलं.

सध्या माझ्याकडे मालवणीतला एक मुलगा येतो. वडील रिक्षा चालवतात, हा दिवसा माइंडस्पेसमध्ये कॉल सेंटरला आणि रात्री लिहितो. त्याचे संवाद कच्चे आहेत, पण त्याच्या माणसांना भूक लागते, उकडतं, बसायला जागा मिळत नाही. आमच्या मालिकांतल्या माणसांना यातलं काही होत नाही. गेल्या आठवड्यात त्याला पहिलं काम मिळालं, एका वेबमालिकेचे दोन भाग. फोनवर ओरडतच होता, “ताई, माझं नाव येणार!” मी विचारलं, कुठे येणार, सुरुवातीला की शेवटी, आणि करारात लिहिलंय का? तो जरा हिरमुसला. मग म्हणाला, करार अकरा पानांचा आहे, वाचला नाही, त्यांनी उद्याच सही मागितली आहे, आणि एवढे प्रश्न विचारले तर काम जाईल का?

मी त्याला सगळी पानं व्हॉट्सअॅप करायला सांगितलं आहे. तोवर त्याने आईला पेढे आणून दिले आहेत, आणि तेही बरोबरच आहे. पानं आत्ताच आली. मी आधी रॉयल्टीचं कलम शोधते आहे.